मोटारीची बस झाली तेव्हा

माझा स्वभाव संशयी आहे. शाळेत माझ्याबरोबर काम केलेल्या बाया हे तोंडावर म्हणत नसत, पाठीमागे म्हणत, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. कुणी गोड आवाजात "बाई, मूळ गाव कोणतं हो तुमचं?" असं विचारलं की आजही माझे कान टवकारतात. गाव सांगितलं की आळी विचारतील. आळी सांगितली की "म्हणजे अमक्यांच्या शेजारी का?" म्हणतील. तेवढ्यानं भागलं नाही तर आईचं माहेर विचारतील. आमच्या भागात माणूस माणसाच्या शेजारी बसण्याआधी एवढं सगळं विचारून घ्यायचाच. त्याला चौकशी म्हणत नसत, ओळख काढणं म्हणत. आमची ओळख निघाली की आम्हांला उठावं लागे.

शब्दांच्या बाबतीतही मी तशीच आहे. कुणी एखादा इंग्रजी शब्द अर्थासकट माझ्या हातावर ठेवला तर खोटा रुपया ओळखायला वाजवून बघतात तसा मी तो वाजवून बघते. "बस" हा शब्द मला लहानपणी असाच अर्थासकट फुकट मिळाला होता. तो खरा की खोटा हे कळायला पुढं बरीच वर्षं गेली, आणि कळल्यावर मला आनंद झाला नाही.

आमचं गाव कामथडी. नसरापूर पलीकडेच, आणि पुणे-सातारा रस्ता गावावरूनच जातो, त्यामुळे मोटारी मी कळायला लागल्यापासून बघितलेल्या. बघितलेल्याच, बसलेली नव्हते. त्यांना बस कुणी म्हणत नसे. मोटार म्हणत, फार तर सर्व्हिस म्हणत. "सकाळची सर्व्हिस गेली का रं?" असं रस्त्याकडेच्या शेतात एकमेकांना ओरडून विचारत आणि त्यावर न्याहारीची वेळ धरत. मग लढाई लागली, पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या आल्या. किन्नर, म्हणजे मोटारीचा क्लीनर, वाटेत उतरून भट्टी फुलवायचा, तोंड काळं करून परत चढायचा. त्याच सुमारास भोराहून पुण्याला जाणाऱ्या एका मोटारीच्या मालकानं गाडी नव्यानं रंगवली आणि कपाळावर लाल अक्षरांत लिहून घेतलं, "बस सर्व्हिस". गावातल्या लोकांना हा काय नवा डाव आहे ते कळेना. नाव बदललं म्हणजे आता भाडं वाढणार, असं चावडीवर ठरलं. महारवाड्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं, कारण नाव काही असो, आत आम्हांला जागा नव्हती.

तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता. ड्रायव्हरची मर्जी असली तर टपावर बोचक्यांबरोबर बसू देत. नसली तर "जागा न्हाई" म्हणत, आणि मागचं बाक अख्खं मोकळं असलेली गाडी आमच्या डोळ्यांसमोरून निघून जाई. माझा बाप म्हणायचा, "जागा न्हाई म्हनत्यात ते खोटं न्हाई. आपल्याला न्हाई, यवढंच." तो गावचा येसकर होता, वेस राखायची आणि पाटलांची सांगकामं करायची. सगळं हसण्यावारी नेल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे.

त्या पौषात पाटलांनी बापाला काही कामगिरी देऊन वेल्ह्याकडे धाडलं होतं आणि तो तिकडं गेलेला असताना माझा धाकटा भाऊ आजारी पडला. तो तेव्हा जेमतेम चालायला लागला होता, मी नऊ-दहा वर्षांची. आदल्या दिवशी अंगात ताप होता. सकाळी उठला तो मान सुजलेली, आणि श्वास घेताना गळ्यातून शीळ घातल्यासारखा आवाज. आईनं त्याला उचललं, मला मागं घेतलं आणि तडक नसरापूर गाठलं. तिथं एक डॉक्टर होते. त्यांनी ओट्यावरूनच आईला पोराचं तोंड उघडायला लावलं, मला कंदील वर धरायला लावला, आणि म्हणाले, "घटसर्प आहे. गळ्यात पडदा धरलाय. याचं इंजेक्शन माझ्याकडं नाही, भोरात असेल याचीही खात्री नाही. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ने. आत्ताच्या आत्ता ने. संध्याकाळ केलीस तर नेऊ नकोस."

आई तिथंच खाली बसली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही, तिनं हिशेब केला. बैलगाडी कात्रजचा घाट चढून पुण्यात पोचेपर्यंत दिवस मावळला असता, आणि गाडी जुंपून देणार तरी कोण होतं? मोटारीच्या टपावर बसावं तर पौषातलं वारं, आणि पोराला आधीच श्वास पुरेना. राहता राहिलं मोटारीच्या आतलं बाक.

नसरापुरात आईची एक मावसबहीण दिली होती. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता, त्यामुळे तिच्या घरी एक इरकली लुगडं होतं. आईनं ते नेसून घेतलं. नेसली तीही गावातल्या मराठा बाया नेसत त्या धर्तीनं, ओचा घोळदार सोडून. केस पाण्यानं चापून बसवले, ठसठशीत कुंकू लावलं, आणि बहिणीकडं बघून विचारलं, "दिसती का?" कशी दिसते ते विचारलं नाही. बहीण म्हणाली, "दिसतीस. बोलू नगंस म्हंजी झालं." मग आई माझ्याकडं वळली. "कुनी काय बी इचारलं तरी तोंड उघडायचं न्हाई. मुकी हायेस असं समज."

फाट्यावर गाडी आली. तिकिटं फाडणाऱ्या माणसानं विचारलं, "कुठं?" आई म्हणाली, "पुन्याला. दवाखान्यात." त्यानं लुगडं बघितलं, पोराची मान बघितली, आणि "बसा मागं," म्हणाला. दुसरं काही विचारलं नाही. त्यानं विचारलं नाही याचाच आईनं धसका घेतला. मागच्या बाकापर्यंत जाईस्तोवर ती दोनदा वळून त्याच्याकडं बघत होती.

बाकावर आधीच एक म्हातारी बसलेली होती. नऊवारी मळकं होतं, पण हातात पाटल्या होत्या, मांडीवर तांदळाचं गाठोडं. उत्रोलीची, पुण्याला लेकीकडं चाललेली. हे तिनं आम्ही न विचारताच सांगितलं आणि लगेच आपला प्रश्न टाकला.

"कुनाची गं तू?"

"कामथडीची," आई म्हणाली.

"गाव न्हाई इचारलं. कुनाची?"

"वरल्या आळीची."

"वरल्या आळीत तर माझी नणंद दिलीया," म्हातारी म्हणाली. "मारुतीच्या म्हागं घर. धा घरं न्हाईत वरल्या आळीत."

आईचा हात माझ्या दंडावर होता, तो घट्ट झाला. म्हातारीनं आईला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग तिची नजर पोरावर गेली. त्याच्या गळ्यातला आवाज भट्टीच्या घरघरीतूनही ऐकू येत होता.

"कवापास्नं?" तिनं विचारलं.

"कालपास्नं, आत्याबाई."

आत्याबाई हा शब्द आईच्या तोंडून कसाबसा निघाला. अशा बाईला आम्ही नात्यानं हाक मारत नसू. म्हातारी त्यावर काहीच बोलली नाही. समोर बघत राहिली, आणि तिचं ते गप्प बसणं मला तिच्या प्रश्नांहून वाईट वाटलं. ही आता काहीतरी करणार, पुढच्या थांब्यावर ड्रायव्हरला सांगणार, अशी माझी खात्रीच झाली. आईचीही झाली असावी, कारण ती बाकाच्या अगदी कडेला सरकून बसली.

पुढच्या बाकावर भोराचे एक मास्तर होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, नाकावर चष्मा. शेजारी एक वाणी. वाण्यानं गाडीच्या कपाळावरच्या नव्या नावाचा विषय काढला. बस म्हणजे बसायची गाडी, सोपं आहे, असं त्याचं म्हणणं. मास्तर हसले आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात सांगू लागले.

"छे, छे! आपल्या बसण्याशी काही संबंध नाही. मूळ शब्द ऑम्निबस. लॅटिन भाषेतला. फ्रान्स देशात पहिल्यांदा अशा गाड्या निघाल्या, घोड्यांच्या. कुणीही यावं, पैसे द्यावे, बसावं. राजाही बसेल, रंकही बसेल. म्हणून नाव दिलं ऑम्निबस. अर्थ काय? सर्वांसाठी! पुढं इंग्रजांना एवढा मोठा शब्द बोलायचा कंटाळा आला, त्यांनी डोकं उडवलं आणि शेपूट ठेवलं. बस."

"सर्वांसाठी," वाणी म्हणाला. "वा! हे माहीत नव्हतं."

गाडीतल्या बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. एकानं तर "सायब लोकांची अक्कलच येगळी" म्हणून दादही दिली. खोटं का बोला, त्या क्षणी मलाही बरं वाटलं. एवढा चष्मेवाला मास्तर, एवढ्या मोठ्यानं सांगतो, आणि गाडीच्या कपाळावरच तसं लिहिलेलं, मग आम्ही भितो कशाला? मी आईकडं बघितलं. ती पोराच्या नाकाशी बोट धरून बसली होती. तिनं तो शब्द ऐकलाच नव्हता, किंवा ऐकून सोडून दिला होता.

पुढं मी मास्तरीण होण्यासाठी ट्रेनिंग कॉलेजात गेले, तेव्हा तिथल्या वाचनालयात जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. पहिल्याच आठवड्यात मी तो शब्द काढून बघितला. मास्तर थापा मारत असणार असा मला इतकी वर्षं संशय होता. थापा नव्हत्या. अक्षर न् अक्षर खरं होतं. वर आणखी एक गोष्ट कळली, जी त्यांनी सांगितली नव्हती. त्या लॅटिन शब्दात "सर्व" हा अर्थ पुढच्या भागात आहे. शेवटचं "बस" म्हणजे नुसता प्रत्यय, आपल्या "साठी"सारखा. इंग्रजांनी उडवलं ते डोकं म्हणजे "सर्व", आणि जगभर रस्त्यांवरून धावत राहिलं ते "साठी". कुणासाठी, ते ज्यानं त्यानं आपापल्या गावी ठरवावं. मला त्या पुस्तकाचा राग आला. मास्तर खोटा निघाला असता तर मी त्याला माफ केलं असतं. खरा अर्थ ठाऊक असून तो तसा वागला, हे मला जास्त झोंबलं.

तो कसा वागला ते सांगते. शिवापूरला गाडी थांबली आणि एक गृहस्थ चढले. धिप्पाड, पांढरं धोतर, डोक्याला भलंमोठं पागोटं, हातात चांदीच्या मुठीची काठी. कुठल्या तरी गावचे पाटील असणार. पुढं जागा नव्हती म्हणून ते काठी टेकत मागं आले, आमच्या बाकाकडं.

आणि माझी आई उठली. तिला कुणी ऊठ म्हटलं नाही. पागोटं समोर आलं आणि तिचं अंग आपसूक उठलं. पदर अंगाभोवती घट्ट ओढून, पोराला छातीशी धरून, ती बाकाच्या खाली, लोकांच्या पायांपाशी उकिडवी बसली. आपला वारा त्या माणसाला लागू नये म्हणून तिनं खांदेही आवळून घेतले. जन्मभर ती चावडीसमोर अशीच बसत आली होती. लुगडं बदललं होतं, बोलायचं नाही हे ठरवलं होतं, पण अंगाला कुणी शिकवलं नव्हतं.

पाटील उभेच राहिले, बसेनात. पुढची डोकी वळली, मास्तरही वळले. त्यांच्या चष्म्याआडची नजर मी अजून विसरलेली नाही.

"बाई," ते म्हणाले, "बाकावर जागा असताना खाली का बसलात?"

आईनं पदर आणखी पुढं ओढला.

"कामथडीच्या म्हणालात ना मघाशी? कोणाच्या तुम्ही?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की मास्तर, सर्वांसाठी, तुम्हीच सांगितलं आत्ता. पण मी मुकी होते. ड्रायव्हरनं गाडी अजून सोडली नव्हती. तोही मागं वळून बघत होता. तिकिटवाला उठून आमच्याकडं यायला लागला. इथं उतरवलं तर पुढं सगळा घाट, आणि माझा भाऊ एकेक श्वास ओढून काढत होता. शिवापूरच्या रस्त्यावर तो संपणार, हे मला लख्ख दिसलं.

तेवढ्यात म्हातारीनं वाकून आईचं मनगट पकडलं आणि तिला खसकन वर ओढलं.

"अगं, किती येळा सांगितलं, गाडी लागती तर वाऱ्याला बस म्हनून! खाली बसून काय व्हतंय, आनिक मळमळंल." मग गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "भाची हाय माझी. जल्मात मोटारीत बसल्याली न्हाई. चक्कर येती तिला."

"भाची?" मास्तर म्हणाले. "मघाशी तर तुम्हीच विचारत होतात, कोणाची म्हणून. मी ऐकलं."

त्यांचे कान तिखट होते. तिकिटवाला थांबला. आता संपलं, असं मला वाटलं.

म्हातारीनं गाठोडं मांडीवर नीट केलं. "मास्तर, लगनात बघितली व्हती, परकरात. दोन लेकरं झाल्यावर वळख पटाया इचारावं लागतं. तुमी शाळंत रोज हजेरी घेता, ती काय पोरं वळखत न्हाई म्हनून?"

आधी वाणी हसला, मग किन्नर हसला, मग सगळी गाडीच हसली. पाटीलही मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हातारीच्या पलीकडं ऐसपैस बसले. "जाऊ द्या हो मास्तर," म्हणाले, "पोर आजारी दिसतंय. सोडा गाडी." मास्तर समोर तोंड करून बसले. त्यांचे कान लाल झाले होते, पण मधूनमधून ते वळून बघत राहिले. त्यांना पटलेलं नव्हतं.

मलाही पटलेलं नव्हतं. म्हातारीनं आईचं मनगट सोडलं नव्हतं. आपण धरलेला हात कुणाचा हे तिला ठाऊक आहे, की तिला खरंच आम्ही तिच्यातल्याच वाटलो? ठाऊक असेल तर हिला हवंय काय? फुकट कुणी काही करत नाही, हे महारवाड्यातलं लहान पोरही जाणतं. पुण्यात उतरल्यावर ही हाक मारून दहा माणसं गोळा करील का? मी तिच्याकडं चोरून बघत होते. ती तोंडातला तंबाखू इकडून तिकडं करत होती, चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. आई तर ताठ झाली होती. सापानं विळखा घातलाय आणि हलायचं नाही, तशी ती त्या हातात हात देऊन बसली होती.

घाटात गाडी धापा टाकू लागली. वरच्या बोगद्यात शिरलो तेव्हा अंधार झाला आणि इंजिनाचा आवाज भिंतींवर आपटून इतका वाढला, की भावाच्या गळ्यातली शीळ ऐकूच येईना. चालू आहे की थांबली, कळेना. आई अंधारात त्याच्या तोंडावर हात फिरवत होती. तेव्हा तिच्या घशातून एक बारीक आवाज निघाला, आणि शेजारून म्हातारीचा आवाज आला, "हाय, हाय. ऊन लागतंय माझ्या बोटाला. हाय त्यो." तिनंही आपलं बोट त्याच्या नाकाशी धरलं होतं. बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा दोघींची बोटं तिथंच होती.

पुण्यात गाडी रिकामी झाली. मास्तर जाताना थांबले, काहीतरी बोलणार होते, पण म्हातारीनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते छत्री उचलून चालते झाले. तिनं एका टांगेवाल्याला हाका मारून आणलं, त्याच्याशी कडाकडा भांडली आणि आम्हांला आत बसवलं. "मोठ्या दवाखान्यात. मधी कुठं थांबशील तर बघ." आईनं हात जोडले. म्हातारीनं नुसती मान हलवली आणि गाठोडं उचलून चालायला लागली.

टांग्याला वळसा घेऊन जावं लागलं. स्टँडच्या मागच्या बाजूला एक सार्वजनिक नळ होता. तिथं मला ती पुन्हा दिसली. गाठोडं तिनं लांब कट्ट्यावर ठेवलं होतं. नेसत्या लुगड्यानिशी ती नळाखाली बसली होती आणि डोक्यावरून पाणी सोडून घेत होती. ज्या हातानं आईला धरलं होतं तो हात कोपरापर्यंत चोळत होती. पौषातलं गार पाणी, म्हातारं माणूस, अंगाला कापरं भरलेलं मला टांग्यातून दिसत होतं.

मला ते काय आहे हे कुणी सांगावं लागलं नाही. "आई, ती बघ," मी म्हणाले. दिवसभरातले माझे ते पहिले शब्द. आईनं बघितलं. मग तिनं पदर पोराच्या डोक्यावरून ओढून घेतला आणि टांगेवाल्याला म्हणाली, "बिगी हाना, दादा."

दवाखान्यात त्याला आईच्या हातातून काढून घेतलं. गळ्याला बाहेरून भोक पाडून नळी घातली, इंजेक्शन दिलं. तिथल्या एका डॉक्टरनं बाहेर येऊन आईला सांगितलं, "थोडा उशीर केला असतास तर हातात काही राहिलं नसतं." त्यानं आमचं गाव विचारलं नाही की आळी विचारली नाही. आम्ही व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलो, आणि त्या नळीतून त्याचा श्वास सरळ, बिनआवाजाचा येऊ-जाऊ लागला.

निरोप मिळाल्यावर बाप आला तो वेल्ह्याहून परस्पर, घोंगडं खांद्यावर, पाय धुळीनं माखलेले. त्यानं पोराला बघितलं, मग आईजवळ बसून सगळं विचारून घेतलं. माझ्यातला संशय त्याच्याकडूनच आलाय, फक्त तो हसत विचारी. म्हातारीची गोष्ट निघाली तेव्हा तो थांबला.

"तिला ठावं नसंल," तो म्हणाला. "तिला वाटलं असंल, हाय आपल्यातलीच कुनी."

"ठावं व्हतं," आई म्हणाली.

"कशावरनं?"

"उतरल्यावर नळाखाली बसली. समद्या लुगड्यानिशी."

बाप हसला नाही. "म्हंजी पयल्यापास्नं वळखून व्हती," तो म्हणाला. "वळखून हात धरला. पुन्यापतुर धरला." आणि मग, "पानी न घेती तर आपल्याला कळलंच नसतं."

मी मध्येच बोलले. मी म्हणाले की मला तिचा राग आलाय, ती हात कशी चोळत होती ते बापानं बघितलेलं नाही. मी तेव्हा रडत होते. तो राग माझा अजून गेलेला नाही, आणि तिच्यामुळे माझा भाऊ जगला हेही गेलेलं नाही. दोन्ही एकाच घरात राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

बापानं आईला विचारलं, "तुला न्हाई आला राग?"

आई चमच्यानं भावाच्या ओठांवर पाणी सोडत होती. तिनं वर बघितलं नाही.

"आला की," ती म्हणाली. "ह्यो दम घ्याया लागल्यावर आला. तवर येळ कुठं व्हता?"